स्कॅनर म्हणतो, दोष नाही

सरांनी उभ्या उभ्याच चावी काउंटरवर ठेवली. "ते सगळं कायमचं बंद करून द्या. गाडी मधीच दणकन ब्रेक मारायलीय. परवा पाचोडच्या अलीकडं मागचा ट्रक अंगावरच आला असता."

सर गेवराई तालुक्यातल्या झेडपी शाळेत शिक्षक. गाडी दोन वर्षांची. पुढच्या वाहनाशी अंतर ठेवणारा क्रूझ, लेन सोडली की स्टिअरिंग ओढणारी यंत्रणा, आपोआप लागणारा ब्रेक, सगळं आलेलं. छत्रपती संभाजीनगरात आमच्या वर्कशॉपला अशा दोन-तीन गाड्या रोज येतात आणि निम्म्यांचं मागणं हेच असतं, बंद करा. गाडी देताना सनरूफ वीस मिनिटं उघडून दाखवतात, हार घालून फोटो काढतात. गाडीला काय दिसत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. ते इंग्रजी पुस्तकात असतं आणि पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून राहतं.

स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड नाही. मग मी पुढच्या काचेचा कोपरा पाहिला. काचेवरचा शिक्का आणि दारांच्या काचांवरचा शिक्का वेगळा. विचारलं तर सर म्हणाले, दिवाळीच्या आधी हायवाच्या चाकाखालचा दगड उडून काच तडकली होती, दुसरीकडं बदलली. या यंत्रणांना रस्ता दाखवणारा कॅमेरा आरशाच्या मागं, त्याच काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटवर बसतो. काच बदलली की सरळ कुठं बघायचं ते त्याला नव्यानं शिकवावं लागतं, त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ते केलंच नव्हतं. बिलात कॅलिब्रेशनची ओळ दिसली की विम्याचा सर्व्हेअर ती खोडतो, हा माझा नेहमीचा अनुभव. मग काचवालाही ते काम सोडून देतो. दोघांनाही मी माफ करत नाही.

कॅमेरा एक अंश कलला म्हणजे किती? हाताच्या पंज्यावर दाखवताही येणार नाही एवढा. पण शंभर मीटरवर त्याचे पावणेदोन मीटर होतात. हायवेची एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन. कॅमेरा डावीकडं एवढा कलला की साइडपट्टीवर उभा असलेला टेम्पो गाडीला आपल्याच वाटेत दिसतो आणि ती ब्रेक मारते. चूक ठरावीक मर्यादेच्या आत असली तर डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. सरांच्या गाडीला वेड लागलं नव्हतं. तिला तिरकं दिसत होतं, एवढंच.

हे काम मला आवडतं. आधी अलाइनमेंट, कारण मागची चाकं गाडीला कुठं ढकलतात त्यावर मधली रेषा ठरते. मग चारही टायरची हवा. मग डिकी रिकामी. सरांच्या डिकीत युरियाच्या दोन गोण्या होत्या. मागं वजन पडलं की नाक उचलतं आणि कॅमेरा आभाळाकडं बघतो. हे काम जिथं करतो त्या आमच्या बेची फरशी मी गवंड्याकडून दोनदा उकरून घेतली आहे आणि आजही पाणसळ लावल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही. गाडीच्या मधोमध ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूची रेघ मारायची, तिथून टार्गेट बोर्डापर्यंत, म्हणजे कॅमेऱ्याला बघायला समोर ठेवलेल्या फलकापर्यंत, मिलिमीटरमध्ये मोजायचं. उन्हाची तिरीप बोर्डावर पडली तरी कॅमेरा गोंधळतो, म्हणून शटर खाली. पोराला मी टेप दोनदा धरायला लावतो आणि दोन्ही वेळा आकडा स्वतः वाचतो. दुपारी तीनला स्क्रीनवर हिरवं आलं.

या गाडीला त्यानंतर रस्त्यावरही फिरवावं लागतं. पट्टे ठळक दिसतील अशा रस्त्यावर, ठरलेल्या वेगानं. आमच्यातले बरेच जण समृद्धीवर जातात. तिथं पट्टे स्वच्छ आहेत आणि ट्रॅक्टरला प्रवेशच नाही, त्यामुळं गाडी शहाणी वाटते. मी बीड रोड घेतो. गिऱ्हाइकाला घरी जायचं असतं ते याच रस्त्यानं.

आडूळपर्यंत मी चालवली. कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याचा संदेश आला. साइडपट्टीवर उभ्या दोन ट्रकांजवळून मुद्दाम नेली, गाडी हललीसुद्धा नाही. सर खूश. "आता मला द्या, तुम्ही शेजारी बसा."

दिवस कलला होता. सरांनी क्रूझ 80 वर लावला. पुढं एक कंटेनर पासष्टनं चालला होता. गाडी त्याच्या मागं अंतर राखून सुरेख चालली. तो हळू झाला की ही हळू, त्यानं वेग घेतला की ही घेई. पाच-सहा मिनिटांतच सरांचे खांदे सैल पडले. उजवा पाय पेडलपासून मागं, सीटजवळ आला. ते मला शाळेच्या पोषण आहाराचं सांगू लागले. मीही ऐकत होतो. हे मला लिहायलाच हवं. पाय मागं गेलेला मी पाहिला होता आणि बोललो नव्हतो.

कंटेनरनं उजवी लेन घेतली.

त्याच्या पुढं उसाच्या दोन जोडट्रॉल्या होत्या. लाइट नाही. मागं लावलेलं रिफ्लेक्टरचं कापड लोंबणाऱ्या उसाच्या टोकांनी झाकलेलं. ट्रॅक्टर फार तर पंधराच्या वेगात. आणि आमच्या गाडीनं, समोरचं वाहन गेलं, रस्ता मोकळा झाला, असं समजून वेग वाढवला. इंजिनचा तो चढता आवाज अजून माझ्या कानात आहे. मी "सर, ब्रेक!" असं ओरडलो. त्यांचा पाय मागून पुढं यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आम्ही वीसेक मीटर खाल्ले असतील. ताशी 70 म्हणजे सेकंदाला एकोणीस मीटर. बझर वाजला तो पाय पेडलवर पडल्यावर. थांबलो तेव्हा उसाची टोकं बॉनेटला घासून पुढं गेली.

ट्रॅक्टरवाल्याला कळलंसुद्धा नाही. तो तसाच कारखान्याकडं निघून गेला.

गाडी कडेला घेतली. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, सकाळी गाडी बिघडलेली होती तवा मी जागा होतो. आता ही नीट झाली का बिघडली?"

मी तिथंच स्कॅनर लावला. दोष नाही. आणि खरोखर नव्हता. कॅमेरा वाहन ओळखतो ते मागचा चौकोनी आकार, दिवे, चाकं बघून. मोळ्यांच्या टोकांचा तो ढीग त्याला वाहन वाटेलच असं नाही. रडार थांबलेल्या किंवा फार हळू चालणाऱ्या गोष्टी भरधाव वेगात बरेचदा गाळून टाकतो, नाहीतर प्रत्येक पाटीला आणि पुलाच्या कठड्याला ब्रेक लागेल. पुढचं वाहन अचानक बाजूला झालं आणि त्याच्या पुढं संथ वाहन निघालं तर चालकानं स्वतः ब्रेक मारावा, हे पुस्तकात लिहिलेलंही आहे. प्लास्टिकमधल्या त्या पुस्तकात.

मग बंद करून द्यायचं का? मी दिलं नाही. आपोआप ब्रेकनं वाचलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. राँग साइडनं आलेली मोटरसायकल, चौकात समोरच्याचा एकदम लागलेला ब्रेक. बॉनेटला पोचाही आला नाही अशा गाड्यांचे मालक फक्त धुवायला येतात. ते बंद करणं माझ्या हातून होणार नाही. कडेला बसूनच सरांना दाखवलं. हे ब्रेकचं, याला हात लावायचा नाही. हे क्रूझचं, साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत दिवस मावळला की वापरायचं नाही. आणि ट्रॉलीला वळसा घालताना इंडिकेटर द्यायचा, नाहीतर लेनवालं यंत्र तुम्ही चुकून चाललात असं समजून स्टिअरिंग मागं ओढतं. सरांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. "हे गाडी घेतानाच कुणी सांगाय पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छापील रिपोर्टवर "पास" आलं. त्याखाली मी पेनानं लिहिलं: उसाच्या ट्रॉलीमागे गाडी वेळेत थांबली नाही, चालकाने थांबवली. मॅनेजर म्हणाले, हे काढ, गिऱ्हाईक घाबरतं. मी काढलं नाही. तेव्हापासून बीड रोडच्या प्रत्येक टेस्टला मी शेजारी बसतो तेव्हा रस्त्याइतकंच चालवणाऱ्याच्या उजव्या पायाकडं बघतो. तो मागं सरकला की बोलतो.