डब्यांपासून सुरुवात केली, तिथंच चुकलं

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या इको क्लबचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पहिलं काय केलं, तर हिरवा आणि निळा असे दोन मोठे डबे विकत आणले. ओला-सुका वेगळा करायचा हे घनकचरा नियमांतच आहे, हे फळ्यावर लिहिलं आणि मुलांकडून घोकून घेतलं. मुलांनी आठवडाभर मन लावून वेगळं केलं. मग कचऱ्याची गाडी आली, आणि गाडीवरच्या माणसानं दोन्ही डबे एकाच कप्प्यात उपडे केले.

सातवीतली एक मुलगी शेजारी उभी होती. "बाई, मग आपण कशाला वेगळं केलो?"

उत्तर नव्हतं. शाळा सुटल्यावर तडक भंगारच्या दुकानात गेले. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात. भंगारवाले मामा निम्म्या मुलांच्या ओळखीचे. त्यांनी अर्ध्या तासात जे शिकवलं ते मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. रद्दी चालते, पुठ्ठा चालतो, पण भिजलेला नाही. पाण्याची बाटली चालते, जिच्या बुडाला त्रिकोणात १ आकडा असतो ती. दुधाची पिशवी चालते, पण धुतलेली. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पार तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा नंतर कुणीच वेचत नाही. मग मी पर्समधून कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट काढलं. मामा हसले. "हे फुकट दिलं तरी नको."

त्याचं कारण त्यांनी पाकीट फाडून दाखवलं. आतून चकचकीत, बाहेरून छापील, दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले. ते वेगळे करणं परवडत नाही, त्यामुळे वितळवून नवं काही करता येत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, तेही गाड्या भरून माल असेल तर.

मग एका शनिवारी, डबे बाजूला ठेवून, जुनी सोलापुरी चादर मैदानात अंथरली आणि मधल्या सुट्टीनंतर पडलेलं सगळं तिच्यावर आणून मोजलं. ४१२ वस्तू. त्यातली २९० पाच रुपयेवाली पाकिटं. म्हणजे आमच्या कचऱ्यातलं बहुतेक असं होतं की ज्याला माझ्या निळ्या डब्यानंतर जागाच नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "बंदी आहे की प्लास्टिकला." आहे, महाराष्ट्रात २०१८ पासून पिशव्या वगैरेंवर आणि १ जुलै २०२२ पासून देशभर चमचे, स्ट्रॉ असल्या वस्तूंवर. सीलबंद पाकिटं त्यात येत नाहीत.

पाकिटांखालोखाल निघाल्या चिंध्या. शेजारच्या कारखान्यातून वाऱ्यानं येतात. मला वाटलं, मशीन पुसायला वर्कशॉपवाले नेतील. त्यांनी हात लावून परत केल्या: युनिफॉर्मच्या कापडात पॉलिस्टर, ते त्यांना पुसायला चालत नाही. शेवटी मुलांनी त्या भरून फळा पुसायचे डस्टर शिवले. वर्षभर पुरतील एवढे झाले, आता शिवणं बंद करा म्हणावं लागलं.

पिशव्या धुवायचा प्रश्न वेगळाच निघाला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कचरा धुवायला पाणी मागितलं असतं तर पालकांनी मलाच धुतलं असतं. खिचडीची भांडी धुणाऱ्या मावशींनी तोड काढली: शेवटच्या विसळणाच्या पाण्यात पिशव्या बुडवायच्या आणि दोरीवर टाकायच्या. आमच्या उन्हात दहा मिनिटांत खडखडीत.

रद्दी विकताना मुलांनी मामांच्या काट्याचीही परीक्षा घेतली. एक लीटर पाणी भरलेली बाटली टांगली की काटा किलोच्या जरासा पुढं जायला हवा, कारण बाटलीचंही थोडं वजन असतं. गेला. मामा रागावले नाहीत, उलट पुढच्या वेळी स्वतःच म्हणाले, "आणा तुमची बाटली."

राहिली पाकिटं. फाटकाशी एक आजी बसतात. आधी उकडलेल्या शेंगा, बोरं, चिंचा विकायच्या, हल्ली पाकिटांच्या माळाही टांगायच्या. मी त्यांना दोनदा समजावायला गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परतले. "बाई, तुमी म्हंता ते खरं हाय. पण पोरं पाकीट मागत्यात, मी काय करू?" तिसऱ्या वेळी मी मुलांनाच पाठवलं. ती काय बोलली ठाऊक नाही, निम्मं बोलणं तेलुगूत झालं. ठरलं असं: घरून डबी आणली तर आजी मापावर मूठभर शेंगा जास्त घालणार. वर्गातून साठेक मुलं डबी आणायला लागली, आणि माळा आजींनीच आत घेतल्या, खपेनात म्हणून.

समोरच्या किराणा दुकानात माळा अजून आहेत. शाळेचं पत्र त्यांना देऊन दोन महिने झाले. फेब्रुवारीत चादर पुन्हा अंथरली तेव्हा पाकिटं ११८ भरली, जवळजवळ सगळी त्याच दुकानातली.

परवा सहावीतला एक जण शेंगांसाठी घरातला पितळी डबाच घेऊन आला, भाकऱ्या ठेवायचा. आजींनी त्याच्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, तेवढंच माप आणि एक मूठ घातली आणि म्हणाल्या, "वर झाकण लाव की, सांडतील."