दार ते वाळू : लंडनहून तळकोकणात, ईस्टर २०२६चा तिकीटशोध

सप्टेंबर

यंदाचा किनारा ठरला: आधी शिरोड्याचं वेळागर, मग वर भोगवे. माणसं चार. त्यातलं एक पोर बारा पूर्ण केलेलं, दुसरं आठचं. शाळेच्या सुट्टीबाहेर जाता येत नाही, म्हणजे स्वस्ताईचा निम्मा मार्ग तिथेच बंद.

मी शोध नेहमी वाळूच्या टोकाकडून सुरू करतो. आपल्यातले बरेच जण हीथ्रो–मुंबईचं चांगलं भाडं दिसलं की झडप घालतात आणि पुढचं 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणतात. मग मुंबई–गोवा, जादा सामान, रात्रीचं हॉटेल, टॅक्सी असं करत बचत कधी संपली ते कळत नाही. माझ्या तक्त्यात म्हणून एकच रकाना मोलाचा आहे, 'दार ते वाळू': घराचं दार ओढून घेतल्यापासून पाय वाळूत पडेपर्यंत माणशी खर्च.

वेळागरसाठी विमानतळ गोव्यातला मोपा, यात वाद नाही. तो पेडणे तालुक्यात, तेरेखोल ओलांडली की आपला सिंधुदुर्ग. गोव्याच्या जुन्या विमानतळावर, दाबोळीला, उतरलं तर जुवारी आणि मांडवी दोन्ही पार करून वर यावं लागतं. शोधताना हे नीट पाहा, कारण पर्यटन कंपन्या दोन्हीला सरसकट 'गोवा' म्हणतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स.

भोगव्यासाठी नकाशावर सर्वांत जवळचा चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ. ९ ऑक्टोबर २०२१ला उद्घाटन झालं तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. पण मुंबई–चिपी सेवा पुढे थांबली. फ्लाय९१ या विमान कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये पुणे–सिंधुदुर्ग सुरू केली, पण लंडनहून येणाऱ्याला पुणे आडवाटेचं. मन चिपीत, तिकीट मोप्याचं.

ऑक्टोबर

आता तारखा. २०२६चा ईस्टर ५ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ला. आमच्या शाळेची सुट्टी ३० मार्चपासून. इथे दोन गोष्टी एकमेकींना भेटतात.

पहिली, ब्रिटनचा हवाई प्रवासी कर, आपल्या भाषेत एपीडी. लंडनहून भारत २,००१ ते ५,५०० मैलांच्या पट्ट्यात येतो. इकॉनॉमीला ३१ मार्च २०२६पर्यंत माणशी ९० पौंड, १ एप्रिलपासून १०२. तिकीट कधी काढलं याला अर्थ नाही, विमान कधी सुटतं ते पाहतात. परतीला हा कर नाही.

दुसरी, गुड फ्रायडेचा जोडून आलेला वीकेंड. २ एप्रिलच्या गुरुवारपासून अख्खी मुंबई गोव्याकडे धावते आणि देशांतर्गत भाडी वर जातात. ३१ मार्चच्या मंगळवारी इथून निघालं की १ एप्रिलला तिथे, गर्दीच्या आधी आणि जुन्या करात. मोठ्यांच्या दोन तिकिटांवर कराचे २४ पौंड वाचतात. ते फारसे नाहीत, पण मोप्याच्या भाड्यातला फरक त्याहून कितीतरी मोठा निघाला.

मुलांबद्दल एक बारीक गोष्ट. विमान कंपनीच्या लेखी बारा पूर्ण झालेलं पोर 'मोठं', करखात्याच्या लेखी सोळापर्यंत लहान. इकॉनॉमीत सोळाखालच्यांना एपीडी माफ आहे. काही संकेतस्थळांवर १२ ते १५चा पर्यायच नसतो, मग मुलाला मोठं धरून कर लावला जातो. पैसे भरण्याआधी करांचा तपशील उघडा. 'जीबी' या कोडपुढची रक्कम म्हणजे एपीडी. 'यूबी' हे विमानतळाचं शुल्क, ते वेगळं.

(कर चुकवायचाच असेल तर इन्व्हरनेसहून निघा. स्कॉटलंडच्या हायलँड्स आणि बेटांवरच्या विमानतळांना एपीडी नाही आणि केएलएम तिथून ॲमस्टरडॅमला नेतं, पुढे मुंबई. लंडनकराला तिथवर पोचायचा खर्च कराहून जास्त. पण तिथे कुणी मराठी माणूस राहत असेल तर त्याचा मला मनापासून हेवा वाटतो.)

नोव्हेंबर

हा महिना चार जागांच्या कोड्यात गेला, आणि छंद म्हणून मला हाच भाग सगळ्यांत आवडतो. एकाच इकॉनॉमीत भाड्याचे अनेक वर्ग असतात, प्रत्येकाला एक अक्षर आणि मोजक्या जागा. तुम्ही चार जागा मागितल्या आणि खालच्या वर्गात तीनच उरल्या असतील, तर यंत्रणा साधारणपणे चौघांनाही वरच्या वर्गाचा भाव लावते. म्हणून आधी एका माणसाचं भाडं बघायचं, मग दोघांचं, मग चौघांचं. मध्ये कुठे उडी दिसली की समजायचं, फोडून काढायला वाव आहे.

आम्हाला ती उडी दोन आणि तीनच्या मध्ये दिसली. दोन जागा स्वस्त वर्गात, बाकीच्या वरच्या. तेव्हा दोन पीएनआर, म्हणजे दोन स्वतंत्र आरक्षणं, प्रत्येकात एक पालक आणि एक मूल. एकट्या मुलाचं वेगळं तिकीट मी कधीच काढणार नाही. विमान रद्द झालं तर यंत्रणा प्रत्येक पीएनआरला स्वतंत्र हलवते. तिकिटं निघाली की फोन करून दोन्हींची एकमेकांत नोंद करून घ्यायची.

आखाती मार्गही तपासला. कतार एअरवेजने २०२४च्या जूनमध्ये गोव्याची सेवा दाबोळीहून मोप्याला नेली, तेव्हा दोहामार्गे थेट वाळूच्या दाराशी उतरता येतं. एकट्याने, सुट्टीबाहेर जाणाऱ्याने आधी हेच पाहावं. ईस्टरच्या तारखांना चौघांचं गणित मात्र जमलं नाही.

डिसेंबर

खरा प्रश्न उरला तो मुंबई–मोप्याचा: वेगळं तिकीट, की लंडनपासून एकाच पीएनआरवर?

वेगळं काढलं तर भाडं कमी दिसतं. पण देशांतर्गत सामान १५ किलो, हातात ७. लंडनहून येणारा मराठी माणूस १५ किलोत मावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. एकाच पीएनआरवर साधारणतः आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा शेवटपर्यंत चालते, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्यात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. बॅगा मात्र मुंबईत कस्टमसाठी उचलून पुन्हा द्याव्या लागतातच. तीन तासांहून कमी वेळाची जोडणी मी मुलांसोबत घेत नाही.

शिवाय नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५ला तिथून उड्डाणं सुरू झाली आणि मोपा पहिल्याच यादीत. पनवेल-पुणेकरांना हे वरदान, आपल्याला सापळा. शोधयंत्रात 'मुंबई, सर्व विमानतळ' निवडलं की बीओएमला (जुन्या मुंबई विमानतळावर) उतरवून एनएमआयहून (नवी मुंबईहून) पुढे पाठवणारी स्वस्त जोडी दिसते. मध्ये अख्खी मुंबई आणि खाडी, चार बॅगा, दोन पोरं. कोड वाचा.

परतीचं आम्ही उलटं केलं. जाताना लंडन–मुंबई–मोपा, येताना मुंबईहूनच लंडन, म्हणजे ओपन जॉ. मधला टप्पा कोकण रेल्वेने, कारण डोंबिवलीला आजीकडे उतरायचंच आहे. ओपन जॉ म्हणजे महाग हा समज जुना आहे. शोधयंत्राच्या 'मल्टी-सिटी' पर्यायात टाकून पाहा. एकाच कंपनीचं असेल तर बहुतेकदा दोन्हीकडची अर्धी-अर्धी भाडी जोडली जातात. आमच्या बाबतीत मोप्याचा टप्पा एका बाजूला जोडल्याने माणशी पंचवीसेक पौंडच वाढले. त्याच दिवशीचं वेगळं तिकीट सामानासकट याच्या दुपटीला जात होतं.

जानेवारी

तिकिटं निघाली. थेट विमान, एका कंपनीचं, ३१ मार्चच्या रात्री हीथ्रोहून. क्रेडिट कार्डावर घेतली, कारण १०० पौंडांवरच्या खरेदीला इथे कलम ७५चं संरक्षण मिळतं आणि कंपनी बुडाली तर कार्डाची बँकही जबाबदार धरता येते. 'दार ते वाळू' माणशी साडेसहाशेच्या खाली बसला. ईस्टरसाठी मी खूश आहे. मंगळवारी भाडी उतरतात, ब्राउझरच्या कुकीज पुसल्या की उतरतात वगैरे मंत्र तपासत बसलो नाही. भाव हलतो तो वर्गातल्या जागा संपल्या की.

मोप्याहून वेळागरला टॅक्सीचं मुक्कामाच्या घरवाल्यांशीच बोललो. त्यांचा माणूस सिंधुदुर्गातून येतो, त्याला परतीची खेप मिळते आणि आपल्याला विमानतळावरच्या काउंटरहून बरा दर.

उरली कुडाळ–ठाणे गाडी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून १२०ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ८ एप्रिलच्या जनशताब्दीचं ७ फेब्रुवारीला, भारतीय वेळेनुसार सकाळी आठला. पहिल्या दिवशी आधार जोडलेलं खातंच चालतं, म्हणून ते काम डोंबिवलीच्या भावाकडे. जनशताब्दी हुकली तर कोकणकन्या. आणि तीही हुकली तर मोपा–मुंबई विमानभाड्याचा अलर्ट लावलेलाच आहे, १५ किलोची तयारी ठेवून.