जुन्या सीडी घेताना आधी छापील बाजू बघा

चॅरिटी शॉपमधलं सीडींचं कपाट म्हणजे कुणाच्या तरी घरची आवराआवर. लोकांनी पिशव्या-खोकी भरून आणून दिलेलं तिथे जमेल तसं लावलेलं असतं. त्यामुळे क्रमाची अपेक्षा ठेवू नये. मात्र दान बहुतेकदा एकगठ्ठा येतं. डबीच्या कडेवर हवं ते नाव दिसलं, की त्याच्या आजूबाजूच्या वीस-पंचवीस सीडी, खालचा कप्पा आणि जमिनीवरचं खोकं पाहिल्याशिवाय हलू नये. एकाच माणसाची आवड तिथे पांगलेली असू शकते.

प्रत्येक डबी उघडायचीच. आत भलतीच सीडी निघणं, दोनांच्या संचात एकच असणं, पुस्तिका गायब असणं हे नेहमीचं. कधी आत घरी बर्न केलेली प्रत असते. कारखान्यात छापलेल्या सीडीची खालची बाजू सहसा स्वच्छ चंदेरी दिसते. बर्न केलेलीला निळसर किंवा हिरवट झाक असते. काहींची झाक इतकी फिकी, की उजेडात कलती करूनच कळते. पुस्तिकेला कुबट वास येत असेल किंवा पानं एकमेकांना चिकटली असतील, तर ती सीडी दमट जागी पडून होती. चिकटलेली पानं ओढून सोडवायला गेलं की छपाई निघून येते.

आता मुख्य मुद्दा. सगळे सीडी उलटी करून चकचकीत बाजूचे ओरखडे मोजतात. मोजा, पण आधी छापील बाजू बघा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. संगीत ज्यांत साठवलेलं असतं ते सूक्ष्म खड्डे या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला असतात, त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकरचा म्हणजे संरक्षक लेपाचा पापुद्रा आणि मग छपाई. म्हणजे संगीत असतं ते छापील बाजूला अगदी लागून. लेझर खालून, सगळं प्लास्टिक ओलांडून वाचतो. खालच्या पृष्ठभागावर त्याचा झोत अजून पसरट असतो, म्हणून बारीक ओरखडे आणि धूळ त्याच्या नजरेत भरत नाहीत. वरून टोकदार काही लागलं तर मात्र ॲल्युमिनियमच निघून जातं, आणि त्यावर उपाय नाही. खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा नाही.

तपासायला दुकानातला दिवा पुरतो. सीडी डोळ्यासमोर धरून तिच्यातून दिव्याकडे बघायचं. सुईच्या टोकाएवढे एक-दोन ठिपके चमकले तर हरकत नाही, ते बहुधा कारखान्यातूनच आलेले असतात. लांबट चीर किंवा नखाएवढा पारदर्शक डाग दिसला, की डबी परत जागेवर.

खालच्या बाजूला ओरखड्यांच्या संख्येपेक्षा दिशा महत्त्वाची. सीडीवरचं संगीत एका लांब सर्पिल रेघेत असतं; मधून कडेकडे गेलेला ओरखडा तिचा प्रत्येक वेढा क्षणभरच छेदतो. तेवढी तूट प्लेअर भरून काढतो. वर्तुळाच्या रेषेत फिरलेला ओरखडा एकाच वेढ्याचा मोठा तुकडा खातो. सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट दुरुस्त होते. त्यापुढे प्लेअर अंदाजाने जागा भरतो, आणि तेही जमेना झालं की टकटक ऐकू येते किंवा गाणं अडकतं. नखाला अडकेल असा गोल ओरखडा असेल तर नको.

आणखी एक गंमत. सीडी आतून बाहेर वाजते, त्यामुळे कडेचा ओरखडा शेवटच्या गाण्यांच्या मुळावर येतो. पण ४० मिनिटांचा अल्बम केंद्रापासून साधारण ४६ मिलिमीटरवरच संपतो आणि सीडीची त्रिज्या असते ६०. कडेच्या सेंटिमीटरभर पट्टीत संगीत नसतंच. मागच्या बाजूला छापलेली वेळ बघून मगच कडेच्या ओरखड्याला घाबरावं.

रंगही बघावा. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ या कंपनीच्या कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या काही सीडी कडेकडून आत तांबूस-तपकिरी होत जातात. पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे त्यांचं लॅकर टिकलं नाही. रंग फिकट असेल तर बहुधा वाजते; घेतलीच तर त्याच दिवशी कॉपी करून ठेवावी. जुन्या संचांत सीडीवर ठेवलेला फोमचा तुकडाही असाच वैरी. तो कालांतराने चिकट होऊन छपाईला धरतो. दिसला की आधी फेकायचा.

सीडी कोणत्या काळातली हे खालच्या बाजूच्या आतल्या कड्यावर कळतं. तिथे बारीक कोरलेला ‘आयएफपीआय’ (IFPI, ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) हा कोड असेल तर छपाई १९९४ किंवा त्यानंतरची. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असेल तर जर्मनीच्या एकीकरणाच्या आसपासची किंवा आधीची. हे कशासाठी? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आवाज दाबून मोठा करण्याची चढाओढ वाढली. त्यामुळे एकाच अल्बमची जुनी प्रत सहसा कमी आवाजात पण मोकळी वाजते आणि नवी नुसती मोठ्याने. ‘रीमास्टर्ड’, म्हणजे आवाजावर नव्याने काम करून काढलेली, ही माझ्या लेखी शिफारस नाही, चौकशी करण्याची खूण आहे. उलट काही अगदी सुरुवातीच्या सीडींत वरचे सूर मुद्दाम चढवून ठेवलेले असतात. प्लेअर ते आपोआप उतरवतो, पण कॉम्प्युटरवर कॉपी केलेली फाइल कर्कश वाटू शकते. ही प्री-एम्फसिस. दोष सीडीचा नाही; फाइलला डी-एम्फसिस लावावं लागतं, म्हणजे ते सूर पुन्हा खाली आणावे लागतात.

घरी आल्यावर कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब आणि बोटांची पेरं. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं, गोल कधीच नाही. कापडात खडा असला तर तोच गोल ओरखडा काढेल. थिनर आणि ॲसिटोन लांब ठेवा. डबीवरचा किमतीचा स्टिकर हेअर ड्रायरने जरा गरम करून अलगद उचलला की सुटतो. पण सीडीवरच चिकटवलेला स्टिकर, विशेषतः लायब्ररीतून काढून टाकलेल्या सीडीवरचा, सोलू नये. त्याच्याबरोबर लॅकर आणि ॲल्युमिनियमही येतं.

खरी परीक्षा कॉम्प्युटरवर. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या प्रोग्रॅमने सिक्युअर मोडमध्ये (यात तो वाचलेलं पुन्हा पडताळून बघतो) फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल काढायची. ‘ॲक्युरेटरिप’ इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या प्रतीशी ताळा करून बघतं. जुळलं की ओरखडे विसरायचे. एखादंच गाणं जुळलं नाही तर पुन्हा धुवा, दुसऱ्या ड्राइव्हवर बघा. ड्राइव्ह-ड्राइव्हच्या वाचण्यात बराच फरक असतो. एकही गाणं जुळलं नाही आणि वाचताना चूकही आली नाही, तर बहुधा तुमची छपाई वेगळी आहे, सीडी खराब नाही.

फुटक्या डबीसाठी सीडी सोडू नये. नेहमीची डबी झाकण, तळ आणि ट्रे अशी तीन भागांची असते आणि तिन्ही भाग सहसा दुसऱ्या डबीतून काढून बसवता येतात. पुठ्ठ्याच्या डिजिपॅकला ही सोय नाही. त्यातले सीडी धरणारे दात तुटले असतील तर सीडी आत सैल फिरते आणि चरे पाडून घेते. नेहमीच्या डबीचे भाग मात्र कामी येतात, म्हणून निकामी निघालेल्या सीडीचीही धड डबी ठेवून द्यावी. पुढच्या खेपेला तुटक्या दातांचा ट्रे मिळणारच आहे.