कमी पैशांच्या पोकरमध्ये रेकबॅकचा खरा हिशेब

ऑनलाइन पोकर कमी पैशांनी खेळणाऱ्याला रेकबॅकचा, म्हणजे कंपनीने डावातून कापलेल्या रकमेचा काही भाग परत मिळण्याचा, उपयोग होतो का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की होतो, आणि मोठ्या टेबलावरच्या खेळाडूपेक्षा प्रमाणाने त्यालाच अधिक होतो. मात्र रेकबॅक ही कमाई नसून खर्चातील सूट आहे, याचा विसर पडला की हीच सूट महागात पडते.

पॉटमधून, म्हणजे डावात सर्वांनी लावलेल्या एकत्रित पैशांतून, खेळ चालवणारी कंपनी नाल कापते, म्हणजे रेक घेते, आणि त्याचा दर बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास असतो. या रेकला कमाल मर्यादा असते आणि सगळा फरक तिथेच पडतो. बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी एका खेळाडूला लावावी लागणारी ठरलेली रक्कम) दहा डॉलरचा असलेल्या टेबलावर 400 डॉलरचा पॉट झाला, तर पाच टक्क्यांनी 20 डॉलर होतात. पण मर्यादा तीन डॉलरची असेल तर तेवढेच कापले जातात, म्हणजे एका बिग ब्लाइंडच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. बिग ब्लाइंड दहा सेंटचा असेल आणि पॉट चार डॉलरचा, तर 20 सेंट जातात, मर्यादा जवळपासही येत नाही, आणि खेळाडूच्या हातून पूर्ण दोन बिग ब्लाइंड निघून जातात. लहान टेबलावर रेकचे ओझे सर्वांत जड असते ते असे.

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. तिथे हा खेळ परवानाधारक संकेतस्थळांवर कायदेशीररीत्या चालतो आणि खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर कर लागत नाही. मी नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ हिशेब लिहिण्याचे आणि विवरणपत्रे भरण्याचे काम करतो, म्हणून त्याने आपल्या खात्याचा एका महिन्याचा उतारा माझ्याकडे पाठवला आणि ‘मामा, तीस टक्के परत मिळतात, चांगलेच आहे ना?’ असे विचारले. उताऱ्यात सुमारे दहा हजार डाव होते, रेक धरून टेबलावरचा तोटा 30 डॉलर होता आणि भरलेला रेक 80 डॉलर होता. हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. समोरच्या खेळाडूंकडून त्याने 50 डॉलर जिंकलेले होते, म्हणजे त्याचा खेळ वाईट नव्हता. कंपनीने 80 घेतले, 24 परत दिले, आणि महिन्याअखेर तो सहा डॉलरने मागे राहिला. ते 24 डॉलर नसते तर तोटा पाचपट झाला असता, त्यामुळे रेकबॅकला क्षुल्लक म्हणणे चूक आहे. पण चार टेबले एकाच वेळी लावूनही एवढ्या डावांना तीसेक तास लागतात, म्हणजे ही सूट तासाला एक डॉलरही भरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडचा शेतकरी पिंपळगाव बसवंतला माल नेतो तेव्हा भाव काय फुटला एवढ्यावर समाधान मानत नाही, हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टीवर हातात काय पडले ते पाहतो. रेकबॅककडे त्याच नजरेने पाहावे, असे मी भाच्याला सांगितले. समजा, दुसऱ्या संकेतस्थळावर तेवढ्याच डावांना 60 डॉलर रेक पडतो आणि परत फक्त दहा टक्के मिळतात. तिथे निव्वळ खर्च 54 डॉलर होतो, तर तीस टक्के देणाऱ्या ठिकाणी तो 56 डॉलर आहे. जाहिरातीतला मोठा टक्का इथे हरतो, आणि अशी तुलना कोणतीही कंपनी आपणहून मांडून दाखवत नाही.

रेक कोणाच्या नावावर धरला जातो, हेही विचारून घ्यावे. पूर्वी अनेक ठिकाणी पत्ते वाटलेल्या सर्वांमध्ये तो समान वाटला जाई, त्यामुळे बहुतेक पत्ते टाकून देणाऱ्या सावध खेळाडूचा फायदा होई. पोकरस्टार्स या मोठ्या पोकर संकेतस्थळाने 2012 मध्ये पॉटमध्ये ज्याने जितके घातले त्या प्रमाणात रेक मोजण्यास सुरुवात केली. जिथे ही पद्धत आहे तिथे सावध खेळणाऱ्याच्या खात्यावर रेकच कमी चढतो, आणि परतावाही त्याच मानाने.

टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या योजनांविषयी माझे मत कडक आहे. 80 डॉलरऐवजी 100 डॉलर रेक भरा, वाढीव वीस डॉलरवर चाळीस टक्के मिळतील, असे आमिष दाखवले जाते. भाच्याच्या गतीने त्यासाठी अडीच हजार डाव जास्त खेळावे लागतील. परत आठ डॉलर येतील आणि टेबलावर साडेसात जातील. अर्ध्या डॉलरसाठी रात्री जागायचे, आणि थकव्याने एखादा डाव चुकला की तोही गेला! शिवाय या योजना कंपनीच्या मर्जीवर असतात. पोकरस्टार्सने ‘सुपरनोव्हा एलिट’ या आपल्या सर्वोच्च श्रेणीचे लाभ 2016 पासून कापले, तेव्हा ती श्रेणी मिळवण्यासाठी वर्षभर राबलेल्या खेळाडूंना त्याचा फटका बसला.

भारतात राहणाऱ्यांसाठी हा हिशेब आता उरलेला नाही. 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के कर कापला जाऊ लागला, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, म्हणजे हजार रुपये भरले की करापोटी सुमारे 219 रुपये जात. काही कंपन्या तेवढाच बोनस देत, पण तो बोजा कोणाला तरी सोसावाच लागे. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला, त्यातून कौशल्याचे म्हणवले जाणारे खेळही सुटले नाहीत, आणि मोठ्या भारतीय कंपन्यांनी आपली टेबले बंद केली. परदेशी संकेतस्थळावर आडमार्गाने खाते उघडून रेकबॅक मिळवू पाहणाऱ्याला मी स्पष्ट नकार देतो, कारण तिथे अडकलेल्या पैशाची दाद मागायला जागा नाही.

भाच्याला मात्र मी आणखी एक गोष्ट सांगितली. फुल टिल्ट पोकर 27 टक्के रेकबॅक देत असे आणि अनेक खेळाडू त्यावर खूश होते; एप्रिल 2011 मध्ये अमेरिकेत त्या कंपनीवर कारवाई झाली आणि तिथल्या खेळाडूंना खात्यातले पैसे परत मिळायला 2014 उजाडले. म्हणून परत आलेली रक्कम त्याच खात्यात पुढच्या खेळासाठी साचू न देता, ती येईल तशी बँकेत काढून घ्यावी आणि रेकच्या रकान्याशेजारी वेगळी लिहावी.