तुमच्याकडे बघूनच सुचलं

मावशी पुढच्या महिन्यापासून येणार नाहीत. कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "पोळ्यांचंच काढतेय ताई, स्वतःचं. तुमच्याकडे बघूनच सुचलं."

क्षणभर मला फार बरं वाटलं. माझी वही, माझे तीन उद्योग, रात्री जागून मांडलेले हिशेब... कुणाच्या तरी कामी आले म्हणायचे. मी लाडात येऊन विचारलंसुद्धा, माझं काय बघून हो?

"मी उद्या येणार नाही म्हटलं की तुमचा चेहरा पडतो ना, तो. सहाही घरांत तस्साच पडतो. म्हटलं, एवढं जर याचं मोल आहे, तर..."

पुढचं बोलल्या नाहीत. तवा तापला होता.

दुपारपासून तो चेहरा काही डोक्यातून जात नाहीये. आरशातही बघून आले. मी ओट्याशेजारी टेबलावर बसून वहीत 'लोकांची गरज ओळखा' असं लिहीत होते, तेव्हा चार हातांच्या अंतरावर उभ्या राहून मावशी ती ओळखत होत्या. आणि गरज कोण, तर मी!

धंदा कसा करावा हे शिकवणाऱ्या एका कार्यशाळेला मी अडीच हजार भरले होते. तिथे सरांनी लिज्जतची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या इमारतीची गच्ची, ७ बायका, ८० रुपये उसने, पहिल्या दिवशी पापडाची ४ पाकिटं. मी ते चौकटीत लिहून खाली हिरव्या पेनाने दोन रेघा मारल्यात. त्या सात जणींना रेघा मारायला वेळ झाला नसावा. माझ्या खात्यात काय, तर पोटमाळ्यावर सुगंधी मेणबत्त्यांचे दोन खोके. लाइट गेले की आमच्या घरी लॅव्हेंडरचा वास येतो. मोडाची कडधान्यं अकरा दिवस चालली. राख्यांबद्दल मी लिहिणार नाही.

आणि मावशींनी काय करावं? चौकातली रसवंती पावसाळ्यात बंद असते. तिथे जाऊन त्यांनी गाळा चार महिन्यांपुरता मागितला. रिकामाच राहणार होता, तो स्वस्तात मिळाला. "नाही चाललं तर दसऱ्याला किल्ली परत. तवा माझा, हात माझे." कुणाकडे कुठल्या वारी किती पोळ्या जातात ते तोंडपाठ. शनिवारी कमी, कारण पार्सलं येतात. श्रावणी सोमवारी जास्त, कारण उपास संध्याकाळी सुटतो आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते. हे कुठल्या सरांनी सांगितलं असतं?

मला वाईट नक्की कशाचं वाटतंय? पोळ्यांचं नाही. म्हणजे, पोळ्यांचंही. पण त्यांना मी इतकी लख्ख दिसले आणि मला त्या दिसल्याच नाहीत, हे टोचतंय. रोज पाऊण तास समोर होत्या. मी बडबडत असायचे, त्या लाटत असायच्या.

आजीही अशीच दिसली नाही. लालबागच्या त्या खोलीत ती गिरणीतल्या अकरा जणांना जेवू घालायची, पाळीप्रमाणे. पण 'आजीचा व्यवसाय' असं आमच्यात कुणी कधी म्हटलं नाही. आई तर पाहुण्यांसमोर खाणावळीचा विषयच काढायची नाही. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी, सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजी गेली नाही त्यात. का, ते विचारायचं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, जेवणारे गावी गेले ते गेलेच. उधारीची वही तेवढी उरली, आईच्या ट्रंकेत आहे. एकाच्या नावापुढे बाकीच्या आकड्याशेजारी आजीने लिहिलंय, 'भात जास्त लागतो'.

आता आजी माणसं बघत होती की नाही? आणि मी अडीच हजार भरून एसी हॉलमध्ये. जाऊ दे. तिथलं जेवण बरं होतं.

रात्री पोळ्या मी केल्या. धाकटीने काही न बोलता दुसरी घेतली, यावरून तिला माझी किती दया आली असेल ते समजावं. मग मावशींना फोन लावला. एक तारखेपासून रोज बारा, शनिवारी नको, श्रावणी सोमवारी पंधरा. पहिलं गिऱ्हाईक मीच. त्या खूश झाल्या.

"लिहून ठेवा माझ्या नावावर, महिनाअखेर देते," मी म्हटलं.

"उधार नाही ताई. ओळखीच्यांना तर नाहीच नाही."

"हे कुणाकडे बघून सुचलं आता?"

"तुम्हीच नाही का सांगितलं होतं, आजींच्या वहीचं?"

सुट्टे काढून ठेवलेत. सकाळी आगाऊ द्यायचे आहेत.