वाढत्या अंगाचं

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं जातात हे बघायचं असतं, हे मला इतक्या उशिरा, आणि तेही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये कळलं. भाच्याने घरासमोर उभ्या असलेल्या आपल्या माझदा सीएक्स-5 च्या पुढच्या चाकावर हात आडवा घातला. चार बोटं आरामात गेली, वर अंगठ्यालाही जागा उरली.

"बघा मामा, किती घाण दिसतंय."

मी बघितलं. मला एक बरी गाडी दिसली. पण एकदा दाखवल्यावर ती फट काही डोळ्यांपुढून जाईना. दुपारी चालायला गेलो तर गल्लीतल्या प्रत्येक गाडीच्या चाकावर माझी नजर. बहुतेक सगळ्या क्रॉसओव्हर. खाली साध्या मोटारीचाच सांगाडा, फक्त चवड्यांवर उभा केल्यासारखा. चढायला सोपी, समोरचं लांबवर दिसतं आणि आपण कधीतरी डोंगरात जाऊ अशी आशा राहते. भाच्याची बायको म्हणाली, "ही गाडी उंच आहे म्हणूनच तर घेतली होती." भाच्याने ऐकलं नाही. लोअरिंग स्प्रिंगचं खोकं आधीच येऊन पडलं होतं.

गाडी सव्वा इंच खाली आणायची. त्यासाठी सबंध शनिवार. माझं काम पाने हातात देणं आणि बॅटरी धरणं. "मामा, तेवढा एकोणीसचा द्या की," असं गाडीखालून आलं की मला सांगलीतल्या एखाद्या गॅरेजात बसल्यासारखं वाटायचं. फक्त इथे चहा आणणारा पोरगा नव्हता, तो मीच.

सगळ्यात आधी त्याने वायपर काढले. स्प्रिंग बदलायची चाकाजवळची आणि सुरुवात वायपरपासून! कारण पुढच्या स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचे, वरचे नट काचेखालच्या प्लास्टिकमागे दडलेले. मग जॅक, स्टँड, चाक बाहेर, ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची वायर सोडवून बाजूला, आणि खालचे दोन बोल्ट. शेवटी शॉकअपवर ओवलेली स्प्रिंग असं ते अख्खं धूड खांद्यावर घेऊन तो बाहेर आला.

पुढचा भाग मी लांबून पाहिला, तोही त्याने दम दिल्यामुळे. स्प्रिंग दाबायचं हत्यार म्हणजे आटे पाडलेल्या दोन लांब सळया आणि त्यांना आकडे. एकीकडे थोडं आवळायचं, मग दुसरीकडे तेवढंच. एका बाजूने जास्त झालं की स्प्रिंग वाकते, आणि निसटली तर हाड मोडायला तिला वेळ लागत नाही. भाचा एकदाही तिच्या तोंडासमोर उभा राहिला नाही. एरवी जिन्यावरून मोबाइल बघत उतरणारा हा मुलगा स्प्रिंगभोवती मात्र देवळात प्रदक्षिणा घालावी तसा अदबीने फिरत होता. दाब पुरेसा झाला, वरचा नट सुटला, जुनी काळी स्प्रिंग निघाली. शेजारी नवी लाल. दीड-दोन इंच आखूड आणि हाताला चांगलीच ताठ. खाली जायला आता जागा कमी उरली, म्हणून ती कडक हवी. मऊ ठेवली तर प्रत्येक खड्ड्याला गाडी रबरी ठोकळ्यावर आदळणार. ते ठोकळेही त्याने कंपनीच्या मापाने कापून थोडे आखूड केले. नव्या स्प्रिंगवर पांढरी अक्षरं छापलेली होती. ती सुलटी वाचता आली म्हणजे बरोबर बसली.

त्याने वर बघून विचारलं, "मामा, ही गाडी कंपनीने एवढी उंच का दिली असेल?"

"वाढत्या अंगाची," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि मग दुपारभर मी तिथे नव्हतोच.

आमच्या घरी कापड घ्यायचं ते जूनमध्ये. खाकी जीन, दोन भावांची मिळून एकाच ताग्यातली. टेलर कानाला पेन्सिल लावून माप घ्यायचा आणि आई दारातूनच सांगायची, "वाढत्या अंगाचं शिवा हं." मग तो टेप दोन बोटं सैल सोडायचा. कमरेत घडी, मागे शिवणीत जादा कापड, आणि खाली पायाला आत दुमडलेली चांगली तीन बोटांची पट्टी. पहिल्या वर्षी ती चड्डी गुडघ्याखाली लोंबायची आणि धावताना फडफडायची. दुसऱ्या वर्षी आई ब्लेडने टीप उसवून पट्टी सोडायची. तेव्हा मूळची घडी जिथे होती तिथे एक रेघ उमटलेली असायची. वर धुऊन धुऊन पांढुरकी पडलेली खाकी, खाली पट्टीत दडलेली कोरी गडद खाकी, आणि मध्ये ती रेघ. वर्गातल्या प्रत्येकाच्या मांडीवर ती होती. कुणाची चड्डी कितव्या वर्षात आहे ते सांगायला मास्तरांना हजेरीपट लागला नसता. आणि चड्डी अंगाला खरी नीट बसायची ती त्या दुसऱ्या वर्षी, जेमतेम पावसाळा संपेपर्यंत. त्याआधी मोठी, त्यानंतर तोकडी.

पुढे नोकरी लागली. पहिल्या पँटचं माप द्यायला गेलो तर आई बरोबर. टेलरला म्हणाली, "आत थोडं कापड ठेवा, अंगावर भरेल तो अजून." टेलर हसला नाही. त्याने ठेवलं.

मोटारीची कंपनी तरी दुसरं काय करते? मागे तीन माणसं बसतील, डिकीत चार बॅगा पडतील, रस्ता फुटलेला असेल, बर्फ असेल. सगळ्यांच्या सगळ्या दिवसांचं माप घेऊन ती गाडी शिवते. माझा भाचा बायकोला घेऊन ऑफिसला जातो आणि रविवारी धने-जिरे आणायला जातो. त्याला अंगासरशी हवी होती. मला पहिल्यांदाच त्याचा मुद्दा पटला. मी त्याला तो बोलून दाखवला नाही, कारण त्याची बायको तिथेच उभी होती.

आणि गाव तरी कुठलं. हे सॅन होजे म्हणजे बुटक्या गाड्यांचं माहेरघर. मेक्सिकन वंशाची इथली पोरं जुन्या शेवरोले जमिनीला घासतील इतक्या खाली आणायची आणि संध्याकाळी रस्त्यावरून मुंगीच्या पावलांनी फिरवायची. आधी डिकीत वाळूची पोती टाकून, मग स्प्रिंग कापून. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियाने कायदा केला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली येता कामा नये. त्यावर 1959 मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला, गाडी खाली. रस्त्यावरून असं रेंगाळत फिरण्यावरची बंदी सॅन होजेने 2022 मध्ये उठवली आणि 1 जानेवारी 2024 पासून राज्याने तो उंचीचा नियमही काढून टाकला. बटण दाबून गाडी वर करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडे तो नक्की नगरसेवक झाला असता.

आपल्याकडे सगळं उलटच. ऊस भरायचा म्हणून ट्रकला एक जादा कमानपाटा घालतात. मोटारीची स्प्रिंग बसली की वेटोळ्यांमध्ये रबराचे ठोकळे कोंबून तिला वर उचलतात. कंपन्याही जाहिरातीत ग्राउंड क्लिअरन्सचे मिलिमीटर ठळक छापतात, कारण गतिरोधकाला पोट घासल्याचा तो 'खर्रर्र' आवाज ऐकून घरातल्या सगळ्यांचे चेहरे कसे होतात ते त्यांना ठाऊक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, ताशी 25 किलोमीटरने अलगद पार व्हावा असा. आमच्या कोपऱ्यावरचा एका रात्रीत उरलेल्या डांबरातून झाला. त्याला माप नाही, त्याला फक्त भावना आहेत.

संध्याकाळ होत आली तशी मागची बाजू भराभर झाली. तिथे स्प्रिंग सुटी असते, शॉकअप वेगळा. सगळं बसल्यावर मी म्हटलं, आवळ एकदाचं. तर म्हणाला, आत्ता नाही. ज्यांच्या आत रबराचे बुश आहेत ते बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना शेवटचे आवळायचे नसतात. चाकं जमिनीला टेकवायची, अंगावर गाडीचं पूर्ण वजन येऊ द्यायचं, आणि मगच. नाहीतर रबर तिथे जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मला फार आवडलं. का आवडलं ते सांगत बसत नाही.

गाडी खाली आली. भाच्याने परत बोटं घातली. तीन गेली, चौथं अडलं. तो चार पावलं मागे गेला, डोकं तिरकं केलं, परत पुढे आला. मी कॉलेजात असताना आरशासमोर असाच वेळ घालवायचो. आमच्या हिला गुडघ्यांमुळे सगळ्याच उंच गाड्यांचा राग. ती बाहेर आली, दार उघडून टेकली आणि म्हणाली, "आता कसं, पाय टेकतात." दिवसभराच्या कामाला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक. स्टिअरिंग मात्र किंचित उजवीकडे वाकडं धरल्याशिवाय गाडी सरळ जाईना. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, सोमवारी अलाइनमेंट.

काढलेल्या स्प्रिंगा पुसून त्याने त्याच खोक्यात भरल्या. विकताना परत घालायच्या म्हणे.

सांगलीला आल्यावर आमची जुनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मिस्त्रीला सहज विचारलं, "आपल्याकडे कुणी मुद्दाम खाली करून घेतं का हो गाडी?"

त्याने मागच्या चाकाआड डोकं घातलेलं होतं. ते बाहेर न काढताच म्हणाला, "पैसे कशाला घालवायचे साहेब? आपसूक बसतीय की ती."

बिलात रबराचे दोन ठोकळे लावले होते.