तेवीस शेरे

माझं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. बी.एस्सी.ला तीन वर्षं प्रोग्रॅमिंग शिकले, पण त्यातला बराचसा वेळ जर्नल पुरं करण्यात गेला. प्रोग्रॅम आउटपुटसकट वहीत उतरवायचा, सही घ्यायची, पुढचा घ्यायचा. मार्क चांगले पडले. मग पहिल्याच मुलाखतीत समोर लॅपटॉप ठेवून म्हणाले, "हा कोड चालत नाहीये, बघ जरा." मी वीस मिनिटं नुसती बघत बसले. दुसऱ्याने लिहिलेला कोड तोवर मी कधी वाचलाच नव्हता. तीन वर्षांत कुणी वाचायला दिलाही नव्हता, आणि याचा राग मला अजून येतो.

त्यानंतर पणजीत सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं. आम्ही आठ जण होतो. फळा नाही, नोट्स नाहीत. पहिल्या दिवशी एक तयार प्रोग्रॅम हातात दिला, काजू बी खरेदी करणाऱ्या सोसायटीच्या हिशोबाचा. सर म्हणाले, "दोन आठवडे नवी ओळ लिहायची नाही. हा कुठे मोडतो ते शोधा आणि लिहून द्या." मी मनातून खट्टू झाले. सकाळी सहाची बस पकडून, दीड तासाचा प्रवास करून यायचं ते वाचत बसायला? पण त्या दोन आठवड्यांत डोळ्यांना जे वळण लागलं, ते पुढे रोज उपयोगी पडलं.

तिसऱ्या आठवड्यात माझा पहिला कोड तपासायला गेला. चाळीस ओळी होत्या. परत आला तो तेवीस शेऱ्यांसह. 'या व्हेरिएबलचं नाव वाचून काय कळतं?' (व्हेरिएबल म्हणजे कोडमध्ये एखादी किंमत ठेवायची नाव दिलेली जागा.) 'वजन रिकामं आलं तर?' 'हेच काम वर एकदा केलं आहेस.' चूक कुठे आहे ते दाखवलेलं, दुरुस्ती मात्र एकाही शेऱ्यात नव्हती. त्या संध्याकाळी बसमध्ये डोळे भरून आले. घरी आई म्हणाली, "अगो, तेवीस ठिकाणी बघितलं म्हणजे त्यांनी नीट वाचलं तरी." ते मला पटलं. दुसऱ्या दिवशी एकेक शेरा घेऊन बसले, आणि चौथ्या खेपेला कोड मंजूर झाला.

त्याच हिशोबात एक गोष्ट अशी सापडली की ती मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक टोपली दहा किलोची, म्हणजे ०.१ क्विंटल. एक क्विंटल भरला की प्रोग्रॅमने पावती काढायची. दहा टोपल्यांची नोंद केली, पावती निघेना. पुन्हा नोंदी तपासल्या, दहाच होत्या. मग दर टोपलीनंतरची बेरीज पडद्यावर छापून बघितली. तिसऱ्या टोपलीला ०.३०००००००००००००००४ आणि दहाव्या टोपलीला ०.९९९९९९९९९९९९९९९९. मी थक्क झाले. संगणक बेरीज चुकतो?

सरांनी मला कागदावर ०.१ ही संख्या द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, मांडायला लावली. ०.०००११००११००११... संपेचना. एक भागिले तीन दशमानात जसं संपत नाही तसंच हे. संगणकाकडे जागा मोजकी, ५३ बिटांची म्हणजे द्विमानातल्या ५३ अंकांची, म्हणून शेपूट कापावं लागतं आणि तो बारीक फरक बेरजेत साचत जातो. उपाय साधा निघाला. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, दोन्ही पूर्णांकात ठेवायचे, भागाकार फक्त पावती छापताना करायचा. रात्री बाबांना हे सांगितलं. ते दर हंगामात बी विकायला नेतात. ते एवढंच म्हणाले, "मग आमच्या काट्यावर असलं होता नये, बघ."

हे पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेनंतर विसरले असते. न निघालेली पावती विसरता येत नाही.

पुढचे महिने भराभर गेले. जोडीने काम करायचं, एकीने टाइप करायचं, दुसरीने विचारत राहायचं. अर्ध्या तासाने अदलाबदल. माझी जोडीदार मडगावची. ती कोकणीत विचारायची, मी मराठीत सांगायचे, आणि सांगता सांगता कित्येकदा माझी चूक मलाच दिसायची. आधी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायची, ती फेल होताना बघायची आणि मगच कोड लिहायचा, ही सवय लागायला मात्र मला दोन महिने लागले.

गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम, रोजचंच होतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आम्हाला त्याची खरी किंमत पाचव्या महिन्यात कळली. अचानक पावत्यांवरच्या तारखा चुकू लागल्या, आणि शेवटच्या नीट चाललेल्या दिवसापासून १२० कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, झाले होते. गिट बायसेक्ट लावलं. मधला कमिट तपासायचा, बरोबर की चूक ते सांगायचं, उरलेल्यातला पुन्हा मधला. सात तपासण्यांत नेमका कमिट सापडला. माझाच होता. कुणी बोट दाखवलं नाही. 'याला टेस्ट का नव्हती?' एवढंच विचारलं, आणि ती मी त्याच दुपारी लिहिली.

अशा प्रशिक्षणाची चौकशी करायला जाल तेव्हा कुठली भाषा शिकवता हे नंतर विचारा. माझा कोड कोण वाचणार, आठवड्यातून किती वेळा, आणि चुकलेला पुन्हा द्यायला मिळणार का, हे आधी विचारा. याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर फी भरू नका.

मला पर्वरीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी त्यांनी सात वर्षं जुना प्रोजेक्ट उघडून दिला. लिहिणारे बरेच जण केव्हाच सोडून गेलेले. मी टेस्टचं फोल्डर उघडलं आणि पहिल्या फाइलपासून वाचायला बसले.